डबाबंद अल्बम नंतर आला असता तर चालला असता का? निकाल असा लावा

“तेव्हा डब्यात गेला म्हणून, नाहीतर दहा वर्षांनी काढला असता तर धुमाकूळ घातला असता.” एखाद्या बँडच्या न निघालेल्या अल्बमचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. सोलापूरच्या नवी पेठेत आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, तेव्हापासून मी ते ऐकत आलोय. आता दुकान राहिलं नाही. घरीच लोकांच्या जुन्या कॅसेटी आणि रिळं कॉम्प्युटरवर उतरवून देतो. वाक्य मात्र तेच आहे. गाण्यावर जीव असलेली माणसंच ते बोलतात, म्हणून ते नुसतं हवेत विरावं असं मला वाटत नाही. ते तपासता येतं. पार्क चौकात चहा घेता घेतासुद्धा तपासता येतं, फक्त हाताशी कागद हवा.

मुळाशी प्रश्न दोनच आहेत. अल्बम डब्यात का गेला, आणि ‘नंतर’ म्हणजे नेमकं किती नंतर? ही दोन उत्तरं मिळवल्याशिवाय वाद घातला तर रात्र सरते आणि निकाल लागत नाही.

बसण्याआधी ‘चालला’ म्हणजे काय, ते एका ओळीत लिहून टाका. खपला? गाजला? पुढच्या पोरांनी त्यावरून शिकून गाणी केली? की त्यामुळे बँड फुटायचा वाचला? यातलं एक काहीतरी ठरवा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून बसा.

कोणत्या अल्बमबद्दल बोलताय?

न निघालेला अल्बम म्हणजे कपाटात ठेवलेली तयार वस्तू, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ती तयार नसतेच. कॅलिफोर्नियाच्या ‘द बीच बॉइज’चा ‘स्माइल’ घ्या, या विषयात सगळ्यात जास्त वाद त्याच्यावरच होतात. बँडचा संगीतकार ब्रायन विल्सन यानं तो 1966 मध्ये करायला घेतला, शब्द व्हॅन डाइक पार्क्सचे. जानेवारी 1967 मध्ये तो यायचा होता, कॅपिटल कंपनीनं लाखांनी कव्हरं छापून ठेवली होती. मे महिन्यात जाहीर झालं की अल्बम रद्द. सप्टेंबरात त्याच्या जागी साध्या पद्धतीनं उरकलेला ‘स्मायली स्माइल’ आला आणि अमेरिकेच्या खपाच्या यादीत 41 व्या क्रमांकाच्या वर गेला नाही.

आता कुणी म्हणालं, “तोच ‘स्माइल’ 1970 मध्ये आला असता तर?”, तर त्याला विचारा, तोच म्हणजे कोणता? विल्सन गाणं सलग रेकॉर्ड करत नव्हता. तो तुकडे करायचा आणि मग जोडायचा. ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे एकच गाणं असं हॉलिवूडच्या चार स्टुडिओंत तुकड्यातुकड्यानं झालं आणि डिसेंबर 1966 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. एका गाण्याला जमलेलं सबंध अल्बमला जमेना.

ज्यानं टेप हातानं कापलीय त्याला ही अडचण लगेच कळेल. रीळ मशीनवर चढवायचं, दोन्ही हातांनी मागंपुढं फिरवत टेप हेडवरून, म्हणजे आवाज उचलणाऱ्या भागावरून, सरकवायची. थाप नेमकी हेडवर आली की एक जाड, घुसमटलेला आवाज येतो. तिथं थांबून टेपच्या पाठीवर पेन्सिलीनं खूण करायची. मग टेप खाचेत बसवून ब्लेडनं तिरकी कापायची, दुसऱ्या तुकड्याचं टोक तसंच कापायचं, दोन्ही टोकं एकमेकांना भिडवून पाठीमागून पट्टी चिकटवायची आणि नखानं घासून हवा काढायची. झाला एक जोड. पसंत नाही पडला तर सोडवा आणि पुन्हा करा. ‘स्माइल’चे असे ढिगानं तुकडे होते आणि कोणता कशापुढं यायचा हेच ठरलेलं नव्हतं. विल्सनचा साथीदार डॅरियन सहनाजा यानं ते सगळे कॉम्प्युटरवर घेऊन एकापुढं एक लावून ऐकवले, तेव्हा कुठं क्रम लागला. फेब्रुवारी 2004 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ते काम पहिल्यांदा सलग वाजलं, त्याच वर्षी नव्यानं रेकॉर्ड होऊन बाजारात आलं. मूळ टेपांचा संच 2011 मध्ये निघाला.

म्हणून कागदावर पहिल्या तीन ओळी अशा लिहा. सगळी गाणी झाली होती का? क्रम ठरला होता का? मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती निघतात ती शेवटची टेप, तयार होता का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच ‘नंतर काढला असता’ या बोलण्याला अर्थ आहे. नसेल तर तुम्ही ‘नंतर पूर्ण केला असता’ असं म्हणताय. मग निकाल श्रोत्यांच्या हातात राहत नाही. करणाऱ्याची तब्येत, पैसा आणि यंत्रं यांवर तो जातो.

डब्यात का गेला?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उलगडा इथं होतो, म्हणून इथं घाई करू नका. कारण वेगळं असलं की औषधही वेगळं असतं.

एक कारण म्हणजे दार बंद असणं. शिकागोच्या ‘विल्को’ बँडनं ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ पूर्ण केला आणि रिप्राइज कंपनीला तो पटला नाही. बँड आपल्या टेपा घेऊन बाहेर पडला. सप्टेंबर 2001 मध्ये त्यांनी सगळी गाणी आपल्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवली आणि एप्रिल 2002 मध्ये नॉनसच कंपनीनं अल्बम काढला. दोन्ही कंपन्या एकाच मोठ्या उद्योगाच्या, म्हणजे एकाच घरानं त्याच अल्बमसाठी दोनदा पैसे मोजले. अमेरिकेच्या यादीत तो 13 व्या क्रमांकापर्यंत गेला. या अल्बमला वर्षांची गरज नव्हती, दुसरं दार हवं होतं. कारण असं असेल तर ‘वीस वर्षांनी चालला असता’ हे बोलणंच गैरलागू. सहा महिन्यांनी, दुसरीकडे चालला असता.

दुसरं कारण म्हणजे कान तयार नसणं. डेट्रॉइटचे तिघे हॅकनी भाऊ. बँडचं नाव ‘डेथ’. 1975 मध्ये त्यांनी ठरवलेल्या बारांपैकी सात गाणी रेकॉर्ड केली. काळी पोरं, आणि वाजवताहेत पुढे ज्याला पंक म्हणू लागले तसलं सुसाट रॉक. मोठ्या कंपनीकडून निरोप आला की नाव बदला. थोरल्या डेव्हिडनं नकार दिला. दोन गाण्यांची 500 प्रतींची रेकॉर्ड त्यांनी स्वतःच छापली आणि काम तिथंच थांबलं. डेव्हिड 2000 मध्ये गेला. ती सात गाणी 2009 मध्ये निघाली आणि जगभर वाजली. नाव बदललं असतं तर दार उघडलंही असतं, पण कानाचा प्रश्न उरलाच असता. तो कसा मोजायचा ते पुढं सांगतो.

तिसरं कारण म्हणजे करणाऱ्याचंच मन. गायक नील यंगनं 1974-75 मध्ये ‘होमग्रोन’ पूर्ण केला. संसार मोडल्याच्या दुःखातली गाणी होती. मित्रांना ऐकवताना त्याच बैठकीत त्याचा आणखी एक राहिलेला अल्बम वाजला. यंगनं तो बाहेर काढला आणि ‘होमग्रोन’ बाजूला ठेवला, तो थेट जून 2020 पर्यंत. कंपनी अडवत नव्हती, श्रोतेही होते. अशा अल्बमबद्दल आपण फार फार तर एवढंच म्हणू शकतो की तो कधीही चालला असता. पण प्रसिद्ध करायची तयारी त्याच्याच मनात व्हायला हवी होती, आणि ती बाहेरून कुणाला ठरवता येत नाही.

अपुरं राहणं हे चौथं कारण ‘स्माइल’च्या निमित्तानं आलंच आहे. एकाच अल्बमला दोन-दोन कारणंही असतात. ‘स्माइल’च्या वेळी बँडचा कॅपिटलशी पैशांवरून कोर्टात झगडा चालू होता आणि शब्दांवरून बँडमध्येही मतभेद होते. अशा वेळी विचारा, यातलं एकच कारण दूर झालं असतं तर अल्बम निघाला असता का? ज्याच्यासाठी उत्तर ‘हो’ येईल, ते खरं कारण.

जुळं शोधा

जे घडलंच नाही ते मोजायचं कसं? त्याच्यासारखं दुसरं जे घडलं, ते मोजून. डब्यात गेलेल्या अल्बमचं जुळं शोधा. म्हणजे त्याच सुमाराचा, त्याच धाटणीचा, पण वेळेवर बाजारात आलेला अल्बम. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं हे सगळ्यात भरवशाचं हत्यार आहे.

‘डेथ’चं जुळं म्हणजे न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’चा पहिला अल्बम, एप्रिल 1976. कंपनी पाठीशी, नाव सुटसुटीत, गोरी पोरं. तरी तो अमेरिकेच्या यादीत 111 व्या क्रमांकावर थांबला आणि त्याला सोन्याचा दर्जा, म्हणजे पाच लाख प्रतींच्या खपाचा, मिळायला 2014 उजाडलं. मग ‘डेथ’चा अल्बम 1976 मध्ये आला असता तर खपला असता का? नाही. हे मला ठामपणे म्हणता येतं. आणि 1982 मध्ये? त्याचंही जुळं आहे. वॉशिंग्टनचा ‘बॅड ब्रेन्स’, तीही काळ्या मुलांची सुसाट टोळी. त्यांचा पहिला अल्बम 1982 मध्ये निव्वळ कॅसेटवर निघाला. खप मोठा नव्हता, पण पुढच्या कितीतरी बँडांनी त्यांचं नाव घेतलं. तेव्हा ‘डेथ’ सात वर्षं उशिरा आला असता तर थोडे पण कट्टर श्रोते मिळाले असते. बघा, एकाच अल्बमचे दोन वेगवेगळ्या वर्षांसाठी दोन वेगळे निकाल आले, आणि दोन्हीमागं पुरावा आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर मुंबईचे चरणजित सिंग. हिंदी सिनेमांत वाजवणारे वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीच्या नव्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या मशिनी जोडून दहा राग डिस्को ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड बाजारात आली आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, आणि म्हातारपणी सिंग त्याच मशिनी घेऊन युरोपात कार्यक्रम करू लागले. मधल्या काळात काय झालं होतं? 1987 च्या आसपास शिकागोच्या पोरांनी त्यातल्याच टीबी-303 या मशिनीवर ‘अॅसिड हाउस’ नावाचा नाचाचा प्रकार उभा केला होता आणि दोन पिढ्या त्याच्यावर नाचल्या होत्या. कान त्यांनी तयार केले.

म्हणजे ‘लोकांना नंतर समजलं असतं’ एवढं म्हणून भागत नाही. मधल्या काळात कान कुणी तयार केले, त्यांची नावं सांगा. नाव सांगता आलं तर तुमचं म्हणणं टिकतं. नाही आलं तर ती नुसती आशा आहे.

गाणी आधीच बाहेर गेली होती का?

अल्बम डब्यात राहतो, गाणी राहत नाहीत. ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडनं 1970-71 मध्ये ‘लाइफहाउस’ नावाचं प्रचंड काम योजलं होतं. सगळी माणसं एका जाळ्याला जोडलेली, आणि त्यातून सुटका करणारं संगीत. ती कल्पना आजूबाजूच्या कुणालाच नीट समजेना. शेवटी त्यातली गाणी काढून ऑगस्ट 1971 मध्ये ‘हूज नेक्स्ट’ निघाला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. आता कुणी म्हणेल, इंटरनेट आल्यावर ‘लाइफहाउस’ आला असता तर लोकांना कळला असता. कल्पना कळली असती, खरंय. पण तोवर त्यातली सगळ्यात ताकदीची गाणी घराघरांत पाठ झाली होती. उरलेल्या गाण्यांनी सबंध अल्बम पेलला नसता.

अमेरिकन गायक प्रिन्सचा ‘ब्लॅक अल्बम’ डिसेंबर 1987 मध्ये बाजारात जायच्या तोंडावर त्यानं स्वतःच मागं घेतला. छापलेल्या लाखो प्रती नष्ट केल्या. तरी चोरून काढलेल्या प्रती हातोहात फिरल्या. 1994 मध्ये तो रीतसर निघाला तेव्हा ज्यांना हवा होता त्यांनी तो आधीच ऐकलेला होता.

तेव्हा गाण्यांची यादी करा, प्रत्येकापुढं ते दुसरीकडे कुठं आणि कधी आलं ते लिहा, आणि जी गाणी आली ती वजा करा. उरलेली गाणी सलग ऐका. निकाल त्यांच्यावर द्यायचा आहे.

किती उशीर?

‘नंतर’ म्हणजे सरळ चढत जाणारी वाट नाही. हे मी दुकानात डोळ्यांनी बघितलंय. कॅसेट भरून घ्यायला येणारं गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी घेऊन यायचं. कॅसेट साठ मिनिटांची की नव्वदची एवढं विचारलं की मी यादी बघायचो. यादीत चालू वर्षाची गाणी असायची, नाहीतर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. चार-पाच वर्षांमागं ज्या गाण्यानं गल्ली डोक्यावर घेतली होती, ते कुणी मागायचं नाही. “ते नको, जुनं झालं,” असं म्हणणारा माणूस त्याच दमात 1960 सालचं गाणं लिहून द्यायचा.

पाच वर्षांचा उशीर हा सगळ्यात वाईट उशीर. त्या वेळी गाणं नवंही नसतं आणि आठवणीतलंही झालेलं नसतं. ‘स्माइल’ला हेच लावून बघा. बीच बॉइजचा 1968 चा ‘फ्रेंड्स’ हा अल्बम अमेरिकेत 126 व्या क्रमांकावर राहिला. हे तर सख्खं जुळं, त्याच बँडचं. तोवर तिकडची हवाही बदलली होती, बॉब डिलन आणि ‘द बँड’सारखे लोक साध्या, गावाकडच्या वाटणाऱ्या गाण्यांकडं वळले होते. 1968 ते 1972 या काळात ‘स्माइल’ आला असता तर अमेरिकेत बुडाला असता, असं माझं मत आहे. ब्रिटनमध्ये कदाचित तरला असता. कारण 1966 चा ‘पेट साउंड्स’ अमेरिकेत 10 व्या क्रमांकावर थांबला, पण ब्रिटनमध्ये 2 ऱ्या क्रमांकापर्यंत गेला होता. आणि जानेवारी 1967 ची ठरलेली तारीख पाळली असती, म्हणजे बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ यायच्या आधी, तर सगळ्यात जास्त संधी तेव्हाच होती. ‘नंतर’चं समर्थन करणाऱ्यांना हे आवडत नाही, पण पुरावा तिकडंच बोट दाखवतो.

मग 2004 मध्ये तो गाजला कसा? तिथं आणखी एक गोष्ट वजा करावी लागते, ती म्हणजे दंतकथा. सदतीस वर्षं लोक त्याच्याबद्दल बोलत होते, तुकडे ऐकत होते, क्रम जुळवत होते. अल्बम निघाला तेव्हा त्याच्यासोबत ही सगळी वाट पाहणं निघालं. दंतकथा उलटीही फिरते. ‘गन्स अँड रोझेस’चा ‘चायनीज डेमोक्रसी’ दहा वर्षांहून जास्त रखडून 2008 मध्ये आला, आणि इतकी वाट पाहिल्यावर तो कितीही बरा असता तरी पुरा पडला नसता.

दंतकथा वजा करायची एकच रीत मला पटते. ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला गाणं ऐकवा. बँड कोणता, साल कोणतं, डब्यात का गेलं, एक शब्द सांगू नका. रिक्षात, दुकानात, भाकरी थापताना, माणूस आपल्या कामात असतानाच वाजू द्या. त्यानं मान वर करून “कोण गातंय?” असं विचारलं, तर गाण्यात स्वतःचं काहीतरी आहे.

सोलापूरच्या एका कॅसेटचा निकाल

हे सगळं मी आमच्याच गावातल्या एका कॅसेटला लावलंय. बँडचं नाव देत नाही, माणसं हयात आहेत आणि त्यांनी तशी परवानगी दिलेली नाही. अशोक चौकाच्या बाजूचे चौघे मित्र. घरात कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दख्खनी, आणि रस्त्यावर सगळ्यांची मराठी. 1997 च्या सुमारास त्यांनी पुण्याच्या एका स्टुडिओत आठ गाणी केली. गिटार, कीबोर्ड, हलगी, आणि एका गाण्याच्या सुरुवातीला खऱ्या यंत्रमागाचा खटखटाट, कारखान्यात टेपरेकॉर्डर नेऊन घेतलेला. मुंबईच्या एका कंपनीनं ऐकून परत पाठवली. म्हणे, गाणी बरी आहेत, पण दुकानदार ही कॅसेट कुठल्या खान्यात ठेवणार? मराठीत की तेलुगूत? निघाली नाही.

उतरवून घेताना आधी कॅसेट पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं एकदा फिरवली, म्हणजे रिळाचे पीळ सैल होतात. हेड स्पिरिटनं पुसलं, आणि हेडचा छोटा स्क्रू अगदी केसभर फिरवत झांज जिथं सगळ्यात लख्ख वाजली तिथं ठेवला. आवाज साफ करायच्या फंदात पडलो नाही. डब्यातल्या अल्बमचा निकाल लावताना टेपची सरसर राहू द्यावी. ती काढायला गेलं की वरचे सूर जातात, आणि मग गाणंच मिळमिळीत होतं असं वाटू लागतं.

पूर्ण होता का? आठही गाणी पुरी, क्रम ठरलेला, मिक्सिंग जरा कच्चं. चालेल. का गेला? दार बंद, आणि तेही खान्यामुळं. जुळं? 1996 चा ‘कलोनिअल कझिन्स’, हरिहरन आणि लेस्ली लुइस यांचा. एकाच गाण्यात इंग्रजी आणि आपलं शास्त्रीय, आणि गाजला. म्हणजे दोन भाषा एकत्र आल्या म्हणून ऐकणारा पळत नव्हता. पण त्यांच्यामागं टीव्हीचे चॅनल होते, गाणी दिसत होती. मराठी-तेलुगू गाणं दाखवणारा चॅनल 1997 मध्ये कुठला असणार? तेव्हा कंपनी चुकली असं मी म्हणत नाही. त्या वेळच्या विक्रीच्या रीतीत ही कॅसेट अडलीच असती. 2002 मध्ये काढली असती तर आणखी वाईट, कारण तोवर इंडीपॉपची, म्हणजे सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांची, लाट ओसरत होती आणि कॅसेटीची दुकानंही.

खाना नाहीसा झाला तो फोनवर गाणी आल्यावर. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि विडी वळणाऱ्या बायांच्या शेजारीही फोन वाजू लागला. शिवाय सोलापूरचे तेलुगू विणकर भिवंडीत आहेत, नातलग तेलंगणात आहेत. त्यांना एकत्र गाठणारा कॅसेटीचा डीलर कधीच नव्हता, फोन गाठतो.

म्हणजे 2016 नंतर हा अल्बम चालला असता? सबंध नाही. आठांपैकी एका गाण्याची चाल गणपतीच्या मेळ्यांत वेगळ्या शब्दांवर इतकी वाजली की ती आता कुणाचीच राहिली नाही, ते वजा. दोन गाणी प्रेमाची, त्या काळच्या हिंदी सिनेमासारखीच, ती मी कितीही ऐकली तरी उभी राहत नाहीत. गिरणीच्या भोंग्यावरचं गाणं माझं सगळ्यात आवडतं. पण ज्यानं भोंग्यावर घड्याळ लावलेलं बघितलं नाही त्याला ते परकं वाटतं. मी एका कॉलेजच्या पोराला ऐकवलं, तो नम्रपणे म्हणाला, “काका, हे कशाबद्दल आहे?” ते गाणं 1997 मध्येच यायला हवं होतं, गिरण्यांतून घरी बसलेली माणसं तेव्हा गावभर होती. त्याचं जे नुकसान झालं ते कुठलाही उशीर भरून काढणार नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

विडीचं गाणं मात्र वेगळं आहे. ध्रुवपद तेलुगूत, कडवी मराठीत, आणि ठेका कात्रीचा. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरते तो आवाज. कुंभारीकडच्या घरकुलांत एका ओळखीच्या घरी मी ते काही न सांगता लावलं. तिथल्या मावशींचे हात थांबले नाहीत, पण दुसऱ्या कडव्यापासून त्यांची कात्री गाण्याच्या ठेक्यावर पडायला लागली. गाणं संपल्यावर सून म्हणाली, “परत लावा की ओ.” कान इथं कुणी तयार करायला नको, काम अजून चालू आहे.

म्हणून माझा निकाल असा. अल्बम म्हणून 1997 मध्ये नाही, 2002 मध्ये तर नाहीच, 2016 नंतर दोन गाणी, विडीचं आणि यंत्रमागाचं. त्यातलं विडीचं सुटं आणि आधी. तेही चौघांनी मिळून ठरवलं तरच, कारण मास्टर त्यांच्यापैकी एकाच्या कपाटात असलं तरी चाली आणि शब्द वेगवेगळ्यांचे आहेत, आणि कंपनीशी कागद झाला नव्हता हेही लेखी पाहून घ्यायला हवं. चौघांपैकी दोघांचं ‘हो’ आलंय. तिसरा हैदराबादला असतो, तो जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येतो, तेव्हा चौथ्याच्याच घरी बसायचं ठरलंय.